खातं चालू आहे

खराडीत, सहाव्या मजल्यावर, रात्री तीन वाजता
माझं नाव एमा असतं.
तिकडे साडेदहा. पब बंद व्हायला आलेले,
आणि ग्रिम्सबीचा टेरेन्स लिहितो:
तुमच्याकडे यादी बघतात का?

कुठली यादी ते मला ठाऊक आहे.
त्याच्या देशात आपणच आपलं नाव द्यायचं असतं,
मला आत घेऊ नका म्हणून.
मग कोपऱ्यावरच्या दुकानात काउंटरमागे फोटो लागतो
आणि काउंटरवरची बाई, त्याच्याच शाळेतली,
म्हणते, टेरी, घरी जा.

आम्ही यादी बघत नाही.
आमचा परवाना एका बेटाचा.
ते बेट मी एकदा फोनवर नकाशात शोधलं,
अंगठ्याखाली झाकलं गेलं.

मग बरं कोण, तो विचारतो, ते की तुम्ही?
माझ्याकडे तयार उत्तरं आहेत. हे चौथं:
भाव चढा, बोनस दुप्पट, मर्यादा नाही.
चौथ्या उत्तरात हे नाही, की जिंकलास
तर आधी पासपोर्ट मागू, मग विजेचं बिल,
मग पासपोर्ट हातात धरलेला तुझा चेहरा,
मग म्हणू, बिल जुनं आहे.
हरायला कागद लागत नाहीत.

माझे वडील रेसकोर्सच्या तबेल्यात नाल ठोकायचे.
खूर हातात घेतला की कळतं म्हणायचे, कोण पळणार.
कळत नसे.
पगार शनिवारी, रेस रविवारी,
मधली एक रात्र आमची.

कॅम्पात बेहरामशेट. पाटीवर घड्याळ दुरुस्ती,
गल्ल्याखाली लांबट लाल वही.
त्याला आमचं सगळं पाठ: आईचं माहेर फलटण,
भावाचा दमा, माझी सातवीची थकलेली फी.
एका रविवारी त्याने वही मिटली.
नालबंद, तुझा पैसा आज नाय घेनार,
जा, पोरीला क्रीम रोल ने.
तो क्रीम रोल मी खाल्ला.
क्रीम जरा आंबलं होतं.

आई अजून त्याचं नाव निघालं की हात जोडते.
देवमाणूस, म्हणते, आपला संसार राखला.
मला पुढे एका जॉकीच्या पोराने सांगितलं:
त्या महिन्यात वडील लागोपाठ तीनदा जिंकले होते.
बेहरामशेट हरणाऱ्याला कधीच उठवत नसे.
आईला हे मी सांगितलेलं नाही.
सांगणारही नाही.

टेरेन्स टाइप करतोय. तीन ठिपके.
दुकानवाल्यांनीही, तो लिहितो, एकदा जिंकलो तर
माझी पैज दोन पौंडांवर आणून ठेवली.
हरत होतो तेव्हा चहा द्यायचे.
म्हणजे काउंटरवरच्या त्या बाईचंही
आता मला नक्की सांगता येईना.
पण तिने नाव तरी घेतलं होतं.

सोनवणे सर पाणी आणायला गेले.
मी चौथं उत्तर पुसलं आणि लिहिलं,
टेरी, घरी जा.
पाठवलंसुद्धा. हात थंड पडले.

ठिपके. मग ठिपके नाहीत. मग ठिपके.

मी घरीच आहे, एमा.

सर परत आले.
मी सातवं उत्तर पाठवलं, आणखी काही मदत हवी का,
आणि त्याने पन्नास पौंड भरले.

सहाला कॅबने घोरपडीच्या फाटकाशी सोडलं.
फाटक पडलेलं, मालगाडी संपता संपेना.
घरात आई उठलेली नव्हती.
वडील पांघरुणात, हनुवटीखाली निळा उजेड.
आलीस, म्हणाले, आणि फोन उलटा केला.
इतक्या वर्षांत बाहेर जात नाहीत कुठे,
आई सगळ्यांना कौतुकाने सांगते.
मी चहा टाकला.
दूध उतू जाईपर्यंत मी तिथेच उभी.